मदत हवी आहे: कादंबरीशी इमान राखायचं की डाव रंगवायचा? (पेलेनॉरची लढाई)

मंडळी, नमस्कार.

आम्ही चौघं टेबलावर मिनिएचर मांडून लढाया खेळतो. नियमांचा गाभा विकतचा, वरची ठिगळं आमची. सध्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची मोहीम चालू आहे आणि गाडी पेलेनॉरच्या मैदानात रुतली आहे (मॉर्डोरच्या दुष्ट फौजा गोंडोरच्या मिनास तिरिथ शहराला वेढतात आणि रोहनचे घोडेस्वार मदतीला येतात, ती लढाई). प्रसंग लिहायचं काम माझ्याकडे, त्यामुळे शिव्याही मलाच.

भांडणाचं मूळ विच-किंग, म्हणजे मॉर्डोरच्या भुतासारख्या नाझगूल स्वारांचा सरदार. तो 'मॅन'च्या हातून पडणार नाही, हे भाकीत सगळ्यांना पाठ. (मराठीत लिहिताना पहिली पंचाईत इथेच. 'पुरुष' लिहिलं तर मेरी बाद, तो बुटक्या हॉबिट जातीचा असला तरी पुरुषच; 'मानव' लिहिलं तर रोहनची एओविन बाद, ती बाई असली तरी माणूसच. इंग्रजीत एका शब्दात दोन्ही अर्थ बसतात.) मी सरळ नियम केला: एओविन आणि मेरी सोडून कुणाचाही वार त्याला लागत नाही.

पहिल्या डावात रोहनवाल्या मित्राने एओविनला नाकासमोर पळवत नेलं आणि तिसऱ्या फेरीत विच-किंग आडवा. पुढे खेळण्यासारखं काही उरलंच नाही. दुसऱ्या डावात मॉर्डोर माझ्याकडे होतं. मी शहाणपणा करून त्याला मागच्या कोपऱ्यात उभा केला, तिथूनच तो भीती पसरवत राहिला. मी जिंकलो, पण बाकीचे जांभया देत होते. एकाने विचारलं, "हा नाझगूलांचा सरदार की गोदामाचा राखणदार?"

आता दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, पुस्तकात आहे तसंच घडलं पाहिजे, रोहनचा राजा थेओडेन चौथ्या फेरीत पडलाच पाहिजे. दुसरा म्हणतो, मग फासे कशाला टाकायचे, प्रकरण मोठ्याने वाचू आणि घरी जाऊ. त्यात तिसऱ्याला अ‍ॅरागॉर्नच्या बाजूने लढणारी मेलेल्यांची फौज टेबलावर हवी आहे. मला दोघांचंही पटतं, हीच अडचण आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

— अर्धवट रंगवलेला ऑर्क

प्रतिसाद: जुना फासेकरी

मेलेल्यांच्या फौजेचा निकाल आधी लावू, तो सोपा आहे. पुस्तकातली ती फौज मिनास तिरिथला पोचतच नाही. दक्षिणेकडच्या पेलार्गिर बंदरात शत्रूची जहाजं हाती लागली की अ‍ॅरागॉर्न, म्हणजे गोंडोरच्या गादीचा वारस, तिला मोकळं करतो. काळ्या शिडांच्या जहाजांतून उतरतात ती दक्षिणेकडची जिवंत माणसं. मैदानभर हिरवी भुतं धावतात ती सिनेमात. त्यामुळे चौघांनी मिळून आधी ठरवा, मूळ म्हणजे कुठलं मूळ? निम्मी भांडणं तिथेच मिटतात. आमच्याकडे हेल्म्स डीपच्या लढाईत एल्फ आणायचे की नाही (सिनेमात येतात, पुस्तकात नाहीत) यावरून एक आख्खी संध्याकाळ गेली होती.

मी असतो तर जहाजं ठेवली असती आणि ती कुठल्या फेरीत येणार ते फाशावर सोडलं असतं. शिडं दिसतात तेव्हा आत कोण आहे हे पुस्तकातल्या गोंडोरवाल्यांनाही ठाऊक नसतं. ती धाकधूक टेबलावर आली तर भुतांची गरज पडणार नाही.

प्रतिसाद: परिशिष्टवाचक

धागाकर्ते, राग मानू नका, पण तुमचा नियम मजेदार नाही आणि पुस्तकाला धरूनही नाही.

ग्लॉरफिंडेल हा एल्फ विच-किंगबद्दल जे बोलतो ते भाकीत आहे, चिलखत नाही. पुढे काय घडणार ते त्याला दिसलं, एवढंच. ते बोलणं कधीचं? तिसऱ्या युगाच्या १९७५ साली, फोर्नोस्टच्या लढाईनंतरचं. तेव्हा विच-किंग काय करत होता? पळत होता! मिनास तिरिथच्या फुटलेल्या दरवाजात जादूगार गँडाल्फ समोर उभा असतानाही रोहनची शिंगं वाजली तसा तो निघून गेला. म्हणजे त्याला मागे रेटता येतं, फक्त संपवता येत नाही. नियम तसाच करा: कुणीही त्याच्याशी लढावं, जिंकलं तर तो १२ इंच मागे हटतो. मरण फक्त त्या दोघांच्या हातून.

आणि दोघांचं कामही सारखं नाही. मेरीच्या हातातलं पातं जुन्या थडग्यातलं, विच-किंगच्या जुन्या अँगमार राज्याच्या विरोधासाठीच घडवलेलं. ते गुडघ्यामागे बसतं, मग एओविनचा वार. तेव्हा मेरीचा वार लागलेला नसेल, तर एओविनला त्याला जखमी करायला ६च पडला पाहिजे. लागला असेल तर ३ किंवा वर.

आता कोपऱ्यातल्या राखणदाराचं. तो पुस्तकात पुढे येतो, कारण समोरचा पोरगेला स्वार कोण आहे हे त्याला माहीतच नाही. एओविन डर्नहेल्म नावाने, वेश बदलून आलेली असते. तुमच्या टेबलावर मात्र दोघांनीही पुस्तक वाचलेलं आहे. तुम्ही घटना नेमाने उचलल्या, अज्ञान उचलायचं राहिलं. भीष्म शिखंडीवर बाण टाकत नाहीत हे पांडवांना ठाऊक होतं, म्हणून तर सगळा बेत जमला. इथे नेमकं उलट आहे, कुणालाच काही ठाऊक नाही.

तर रोहनच्या स्वारांच्या सहा तुकड्या मांडा. डर्नहेल्म कुठल्या तुकडीत आहे ते रोहनवाल्याने चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पालथी ठेवावी. विच-किंगशी हातघाई झाली की मगच चिठ्ठी उलटायची. शिवाय विच-किंगच्या उडत्या जनावराच्या जवळ आलेल्या प्रत्येक तुकडीने धैर्याची चाचणी द्यायची. फसली तर घोडे उधळून तुकडी लांब जाते. थेओडेनचे स्वार तसेच पांगले होते. मग कोण उरलं यावरून मॉर्डोरवाला अंदाज बांधेल आणि बहुधा चुकेल.

प्रतिसाद: टेबलाचा पंच

वरच्या प्रतिसादाला +१. पण गुपित सांभाळायला पाचवा माणूस मिळाला तर बघा. हा काही नवा शोध नाही. १८२४ साली राइसविट्झने प्रशियन अधिकाऱ्यांसाठी युद्धखेळ काढला तेव्हाच त्यात पंच होता. पुढे नियमांचे तक्ते इतके माजले की १८७६ साली व्हेर्डी द्यु व्हेर्नुआने ते बाजूला सारले आणि पंचाच्या अनुभवावर निकाल सोपवला. सगळंच नियमात कोंबायची हौस आपली.

थेओडेनला ठरल्या फेरीत मारू नका हो. 'वॉर ऑफ द रिंग' नावाचा २००४ चा बोर्ड गेम खेळून बघा. त्यात अमुक वेळी अमुक घडावं अशी सक्ती नाही. पण चांगल्या बाजूची मेलेली सैन्यं परत येत नाहीत आणि सावलीची, म्हणजे दुष्ट बाजूची, येतात. एवढ्या एका नियमाने एक खेळाडू कंजूष होतो, दुसरा उधळ्या. पुस्तकातल्या सारखे वागायला लागतात आपोआप. तुम्हीही तेच करा. थेओडेनने चढाईत पुढे राहून शत्रूची फळी मोडली तर रोहनला भरपूर गुण, मागे राहिला तर शून्य. मग तो जाईल पुढे, कुणी ढकलायला नको. आणि तो पडला त्या फेरीत विच-किंग जवळ असेल तर मॉर्डोरला दुप्पट गुण. कोपरा सुटेल.

प्रतिसाद: अर्धवट रंगवलेला ऑर्क (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काल खेळलो. पुस्तकनिष्ठ मित्राला भाकिताचा मुद्दा दाखवला तर तो परिशिष्ट उघडून बसला आणि अर्ध्या तासाने "हो, बरोबर आहे" म्हणाला. त्याच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

थेओडेन गुणांच्या मोहाने दुसऱ्याच फेरीत घुसला. मी विच-किंग घेऊन झेपावलो. चार तुकड्या उधळल्या, दोन उरल्या. मी डावीकडची निवडली, चिठ्ठी उलटली, तर तीवर उजवीकडची! उजवीकडून डर्नहेल्मने येऊन जनावराचं मुंडकं उडवलं, पण मेरीचा फासा चुकला आणि एओविनला ६ काही पडेना. थेओडेन मेला, एओविनही मेली. मग साध्या भालाइतांनी विच-किंगला दोनदा मागे रेटलं आणि तो चालत टेबलाबाहेर गेला. जहाजं सातव्या फेरीत आली, रोहन तीन गुणांनी जिंकलं. पुस्तकातलं जवळजवळ काहीच घडलं नाही, तरी कुणी तक्रार केली नाही.

आता नवी पंचाईत. पुढचा प्रसंग ब्लॅक गेटचा, म्हणजे मॉर्डोरच्या दरवाजातल्या लढाईचा, आणि विच-किंग जिवंत आहे. त्याला तिथे आणू का?

प्रतिसाद: परिशिष्टवाचक

आणा की. पण जनावर मेलंय, तेव्हा पायी. आणि मेरीला या वेळी घरी बसवू नका, पुस्तकात तो जखमी होता म्हणून मागे राहिला. तुमच्याकडे तर त्याचा वारच चुकलाय.