आल्या-हळदीच्या चहात दूध का फाटतं

ओली हळद आणि आलं घातलं की चहाचं दूध का फाटतं, असा प्रश्न आहे. दोष दुधाचा नाही. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. कच्चा रस कोमट दुधात पडला की दूध फाटतं. उकळीने ते निकामी होतं, म्हणून आधी पाण्यात आलं, दूध मागाहून. गूळ तर कपातच घाला.

2 कपांसाठी अडीच कप पाणी, बोटाच्या पेराएवढं आलं, त्याच्या निम्मी ओली हळद. आलं ठेचायचं, किसायचं नाही. किसाने गाळणी तुंबते. हळदीच्या पातळ चकत्या करा. मोडल्यावर आतून गर्द केशरी दिसली पाहिजे. फिकट निघाली आणि कैरीचा वास आला तर ती आंबेहळद, लोणच्यासाठी ठेवा. मंद आचेवर 10 मिनिटं. बिनदुधाचा काढा असेल तर 2 मिरे ठेचून आणि पाव चमचा तूप घाला, कारण हळदीचं रंगद्रव्य पाण्यात जेमतेम विरघळतं, तुपात उतरतं. गवती चहा मात्र गॅस बंद केल्यावर, 5 मिनिटं झाकून. उकळलात तर बराच वास वाफेबरोबर जातो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.