मदत हवी आहे: गप्पांतले किस्से मोजायचे कसे?

एम.ए.च्या प्रकल्पासाठी बायका आणि पुरुष रोजच्या गप्पांत किस्सा कसा सांगतात ते तपासतेय. परवानगी घेऊन, फक्त आवाज रेकॉर्ड करते. पुरुषांचे किस्से ठाण्यातल्या तलावपाळीच्या कट्ट्यावरच्या निवृत्त काकांचे, बायकांचे ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यातल्या नोकरदार ग्रुपचे.

लबॉव्ह आणि वॉलेट्स्की या भाषाअभ्यासकांची १९६७ची चौकट वापरतेय, म्हणजे एकाने सांगितलेल्या किस्स्याचे सुरुवात, गुंता, शेवट असे भाग पाडायचे. काकांना ती चपखल बसते. एक जण बोलतो, बाकीचे "मग?" म्हणतात, शेवटी साहेबाची कशी जिरवली ते येतं. डब्यात मात्र एकीने "काल सासूबाई काय म्हणाल्या माहितेय?" सुरू केलं की दुसरी "आमच्याकडे तर..." म्हणत घुसते, तिसरी तिचं वाक्य पुरं करते. घणसोली येईस्तोवर किस्सा कुणाचा हेच कळत नाही! भाषाशास्त्रज्ञ जेनिफर कोट्स यांनी इंग्लंडमधल्या मैत्रिणींच्या बोलण्यात असं मिळून सांगणं नोंदवलंय, पण माझ्या दोन गटांचं वय आणि जागा दोन्ही वेगळ्या. गाइड नेमकं तिथेच बोट ठेवतात.

जनरल डब्यात प्रयत्न केला, रेकॉर्डर दिसताच सगळे सभ्य झाले. हास्यक्लबातही विचारलं, तिथे हसतात, सांगत कुणी काही नाही. मुलाखती नकोत, आपसूक निघालेले किस्सेच हवेत.

तिघींनी मिळून सांगितलेला किस्सा एक धरायचा की तीन? आणि एकाच वयाचे बायका-पुरुष वेगवेगळे आणि एकत्रही गप्पा मारत बसतात, अशी जागा ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठे आहे?