प्रतिसाद: चावी काढली तरी इंजिन धडधडतंच

चावी बंद करूनही तुमच्या गाडीचं इंजिन चालूच राहतं, यावर वर सगळे थेट कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडायला सांगताहेत, पण आधी एक बघा: चावी बंद केल्यावर इंजिन गचके देत, खडखडत चालतं की अगदी सुरळीत? सुरळीत चालत असेल तर ठिणगी पाडणाऱ्या प्लगना अजून करंट मिळतोय. इग्निशन स्विच किंवा वायरिंग तपासा, कार्बोरेटरला हात लावू नका.

गचके देत असेल तर ठिणगीशिवाय पेट्रोल पेटतंय, बहुधा इंजिनात साचून, तापून लाल झालेल्या कार्बनमुळे. तरी तो काढायला हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडायची घाई नको. आधी आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) बघा. गाडी बंद पडू नये म्हणून कुणीतरी स्क्रू पिळून ते वाढवून ठेवलेलं असतं, आणि निम्म्या केसेस (माझा अंदाज) तिथेच मिटतात. मग कार्बोरेटरवरचा आयडल कट-ऑफ सोलेनॉइड (चावी बंद केली की आयडलिंगचं पेट्रोल अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह) बघा, असेल तर. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, त्याची वायर काढून पुन्हा टेकवा. टिक् असा आवाज यायला हवा. नाही आला तर वायरीत १२ व्होल्ट येतात का बघा; येत असतील तर सोलेनॉइडच गेलाय.

याने भागलं नाही तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), प्लगची हीट रेंज (प्लग किती गरम राहतो ते) आणि शेवटी कार्बन.

तोवर बंद करताना ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. गपकन थांबेल.