कँडिन्स्की घडला कुठे, मैफलीत की मुर्नाऊत?

काचरंग:
वस्तू न दाखवता नुसत्या रंग-आकारांची चित्रं काढणाऱ्या रशियन चित्रकार वासिली कँडिन्स्कीचं नाव निघालं की लोक थेट संगीतावर येतात. २ जानेवारी १९११ ला म्युनिकमध्ये त्याने ऑस्ट्रियन संगीतकार शोनबर्गची मैफल ऐकली आणि लगोलग 'इम्प्रेशन ३ (कॉन्सर्ट)' हे चित्र रंगवलं, हे सगळ्यांना पाठ. पण ते रंग त्याच्या हाताला आधीच लागले होते, जर्मनीच्या बव्हेरियातल्या मुर्नाऊ गावात. तिथे काचेच्या मागच्या बाजूने संतांची चित्रं रंगवायची जुनी रीत होती: आधी काळी रेघ, मग सपाट झळझळीत रंग. छायाप्रकाशाच्या भानगडीत पडायचं नाही. कँडिन्स्कीने ही चित्रं जमवली, स्वतः काढली. मुर्नाऊच्या घरातल्या जिन्यावर त्याने घोडेस्वार आणि फुलं रंगवली. त्याही आधी, १८८९ मध्ये, रशियातल्या वोलोग्दा भागात शेतकऱ्यांच्या रंगवलेल्या घरात पाऊल टाकताच आपण चित्रातच शिरलो असं त्याला वाटलं होतं. मग सगळं श्रेय एका संध्याकाळला कसं देता?

मंद्रसप्तक:
द्यायलाच हवं. काचचित्रात संत संतच राहतो आणि घोडा घोडाच. 'इम्प्रेशन ३' मध्ये काळा तिरका आकार पियानोचा, खाली वाकलेली श्रोत्यांची डोकी, इथवर ओळख पटते. पण तो चित्रभर पसरलेला पिवळा कुठल्या वस्तूचा? कशाचाच नाही, तो नाद आहे. त्या मैफलीत शोनबर्गचं दुसरं क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, वाजलं. त्याच्या शेवटच्या भागात षड्जाचा, म्हणजे मूळ 'सा'चा, आधारच सुटतो. षड्जाशिवाय गाणं उभं राहतं, हे कानांनी ऐकल्यावरच वस्तूशिवाय चित्र उभं करायचं बळ येतं. त्याच महिन्यात त्याने शोनबर्गला पत्र लिहिलं, ते उगाच नाही.

काचरंग:
पण त्याच १९११ मध्ये, मैफलीनंतरही, त्याने काचेवर 'सर्व संत' रंगवलं! नाद मिळाल्यावर गाव सुटलं असतं तर हे कशाला? कँडिन्स्कीने फ्रान्झ मार्कसोबत काढलेल्या १९१२ च्या 'ब्लू रायडर' या कलाविषयक संग्रहात शोनबर्गच्या स्वरलिपीसोबत बव्हेरियन काचचित्रंही छापली आहेत.

जास्वंद:
तुम्ही दोघंही कँडिन्स्कीची तेव्हाची जोडीदार, चित्रकार गाब्रिएल म्युंटरला विसरलात, याचा राग येतो. मुर्नाऊचं घर तिने घेतलं. काचचित्रांची रीत त्यांच्या चित्रकार मंडळींत आधी तिने हातात घेतली. नाझी काळात कँडिन्स्कीची चित्रं तिनेच त्या घरात दडवून ठेवली आणि १९५७ मध्ये म्युनिकच्या लेनबाखहाऊस संग्रहालयाला दिली. 'इम्प्रेशन ३' आज पाहायला मिळतं ते त्यामुळे.

मंद्रसप्तक:
म्युंटरबद्दल शंभर टक्के मान्य. काचरंग, तुमचं मात्र नाही. कँडिन्स्कीचं १९१३ चं 'कंपोझिशन ७' हे चित्र बघा आणि त्यात मुर्नाऊचा संत कुठे बसलाय ते मला दाखवा.