आल्विन पात्रिमोनियो: 'कॅप्टन'चा खेळ कोणी कोणी पाहिलाय? (अनुभव धागा)

परवा आशियाई खेळांवरच्या गप्पांत मी सहज फिलिपिन्सचा बास्केटबॉलपटू आल्विन पात्रिमोनियो याचं नाव घेतलं, तर चारपाच जण 'अरे, तुलाही माहीत आहे?' म्हणत पुढे आले. कोणी बोटीवर होतं, कोणी मनिलात, कोणी आखातात. म्हटलं, वेगळा धागाच काढू या.

ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फिलिपिन्सची पीबीए ही आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, १९७५ सालची. तिथले संघ शहरांचे नाहीत, कंपन्यांचे. त्यामुळे नावं अशी की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसूच येतं. पात्रिमोनियो खेळला प्युअरफूड्सकडून. कंपनी हॉटडॉग आणि डबाबंद मांस विकणारी, म्हणून संघ 'हॉटडॉग्ज'. मध्येच आइस्क्रीमच्या ब्रँडवरून 'कोनी आयलंड', मग कधी 'कॉर्न्ड बीफ काउबॉइज'. नावं बदलली, पण १६ नंबरचा शर्ट १९८८ पासून २००४ पर्यंत एकाच माणसाच्या अंगावर होता. चार वेळा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू (१९९१, १९९३, १९९४, १९९७), १५,०९१ गुण, सहा विजेतेपदं.

आकडे मी दिले, आठवणी तुम्ही द्या. पण नुसतं 'काय खेळायचा!' असं लिहून पळू नका. कसा खेळायचा तेही लिहा.

मर्चंट नेव्ही, आता रत्नागिरी

मी प्रत्यक्ष मैदानात एकदाही पाहिलेला नाही, आधीच सांगतो. तरी त्याच्याबद्दल माझ्याइतकं ऐकलेला मराठी माणूस सापडायचा नाही, कारण नव्वदच्या दशकात माझी उमेदीची वर्षं बल्क कॅरिअरवर (सुट्या मालाच्या बोटीवर) गेली आणि बोटीवर निम्म्याहून जास्त माणसं फिलिपिनो.

त्यांचं असं असायचं, की बोटीवर पाय ठेवला की पहिली चौकशी जेवणाची आणि दुसरी रिंगची. आमच्या बोटीवर ती नव्हती, तर फिटरने इंजिन रूमच्या वर्कशॉपमध्ये सळी वाकवली, वेल्ड मारला, मागे फळी ठोकली आणि माल ठेवायच्या रिकाम्या होल्डमध्ये कोर्ट तयार. डेकवर खेळायचं तर भोवती जुनी जाळी बांधावी लागे, नाहीतर बॉल समुद्रात. तरी जायचाच. बॉल गेला की दोन मिनिटं कोणी कोणाशी बोलत नसे, कारण पुढचा बॉल थेट पुढच्या बंदरात.

बॉयलर सूटच्या पाठीवर पेंटने नंबर काढायचे. १६ नंबरवरून भांडण ठरलेलं. शेवटी तो बोसनला (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला) मिळाला, ज्येष्ठतेने. बोसन बुटका, पोट सुटलेला, आणि खेळायचा मात्र हुबेहूब पात्रिमोनियोसारखा असं त्याचं स्वतःचं मत. रिंगकडे पाठ करून उभा राहायचा, मागच्याला ढुंगणाने ढकलत ढकलत आत न्यायचा, आणि वळून उडी. बॉल रिंगला लागला काय न लागला काय, ओरडायचा मात्र 'आल्विन!'

१९९० च्या तिसऱ्या कॉन्फरन्सच्या (पीबीएच्या मोसमातल्या स्पर्धेला कॉन्फरन्स म्हणतात) फायनलची व्हिडिओ कॅसेट कोणीतरी घरून आणलेली. अलास्काविरुद्ध पाच सामन्यांची मालिका, पहिले दोन हरलेले, आणि मग सलग तीन जिंकून प्युअरफूड्सचं पहिलं विजेतेपद. ती कॅसेट इतकी घासली गेली होती की स्कोअर दिसायचा बंद झाला होता. मेसमन प्रत्येक बास्केटच्या आधीच काय होणार ते सांगायचा. त्याला गप्प बसवण्याचे सगळे प्रयत्न फुकट गेले.

एक वाद मात्र रंगायचा. १९९१ मध्ये पेप्सीच्या संघाने पात्रिमोनियोला पाच वर्षांसाठी अडीच कोटी पेसो देऊ केले. प्युअरफूड्सने तेवढेच मोजले आणि त्याला ठेवून घेतलं. बोसनच्या तोंडी ही निष्ठेची गोष्ट. आमचा ऑइलर म्हणायचा, कसली निष्ठा, कंपनीने पैसे टाकले म्हणून राहिला. मला विचाराल तर ऑइलर बरोबर होता, आणि त्यात पात्रिमोनियोला कमीपणा काहीच नाही. घरी पैसे धाडण्यासाठी नऊ-नऊ महिने समुद्रात काढणाऱ्या माणसांनी दुसऱ्याच्या पगारावर नाक मुरडू नये, एवढं तरी त्या चर्चेतून आम्हा सगळ्यांना पटलं. बोसन सोडून.

मकाती, मनिला; त्या वेळी एमबीए

मी पाहिलाय. पासिगच्या अल्ट्रा स्टेडियममध्ये, सर्वांत वरच्या स्वस्त रांगांतून. एका तिकिटात पाठोपाठ दोन सामने. घाम, पॉपकॉर्न आणि कानठळ्या.

आमच्या होस्टेलचा वॉचमन सामन्याच्या दिवशी वही घेऊन फिरायचा. मला वाटलं वर्गणी. तर ते 'एंडिंग'. दोन्ही संघांच्या अंतिम गुणसंख्येचा शेवटचा आकडा ओळखायचा आणि पैसे लावायचे. म्हणजे सरळ सरळ आपला मटका, फक्त आकडा काढणार पात्रिमोनियो! त्यामुळे शेवटच्या मिनिटाला निकाल ठरलेला असला तरी कोणी उठत नसे. वीस गुणांनी पुढे असलेल्या संघाने एक फ्री थ्रो चुकवला तर अर्धी गॅलरी नाचायची आणि अर्धी डोकं धरायची. नव्या माणसाला वाटावं, ह्यांना झालंय काय?

त्याच्या खेळात मला काय दिसलं ते सांगते. पहिल्या वेळी काहीच दिसलं नाही! मी सॅम्बॉय लिम बघायला गेले होते. तो हवेत जायचा आणि तिथेच राहायचा. पात्रिमोनियो जमिनीवर. सामना संपल्यावर मैत्रिणीने विचारलं, आल्विनचे किती झाले असतील? मी म्हटलं दहाबारा. झाले होते त्याच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्या वेळेपासून मी फक्त त्याच्याकडे बघायला लागले. बॉल नसताना तो सतत कोणाला तरी रेटत असतो. तीन सेकंद इथे, तीन सेकंद तिथे, कोपर, खांदा, कंबर. बॉल हातात येतो तेव्हा अर्धं काम झालेलं असतं.

पुणे, आयुष्यभर पोरांना बास्केटबॉल शिकवलं

वरच्या ताईंनी नेमकं लिहिलंय. मी थोडं तांत्रिक भर घालतो. मी फिलिपिन्सला गेलेलो नाही, पण जुन्या सामन्यांची चित्रफीत मिळेल तेवढी पाहिली आहे आणि माझ्या फॉरवर्ड पोरांना दाखवली आहे.

माणूस सहा फूट तीन इंच. पॉवर फॉरवर्ड, म्हणजे रिंगजवळ झुंजणारा खेळाडू, म्हणून ही उंची काहीच नाही, त्यात ज्या कॉन्फरन्समध्ये परदेशी खेळाडूंना परवानगी असते तिथे समोर आडदांड अमेरिकन. उडीत तो जिंकणार नाही. मग जिंकतो कुठे? पायांत.

डाव्या ब्लॉकवर (रिंगखालच्या चौकटीच्या कडेला) रिंगकडे पाठ करून बॉल घेतो. बॉल लगेच खाली नाही, हनुवटीखाली, दोन्ही कोपरं बाहेर. एक ड्रिबल, आणि खांद्याने मागच्याचं वजन अजमावतो. मागचा जोर लावून टेकला असेल तर त्याच जोराचा फायदा घेऊन वळतो. मागचा सैल असेल तर आणखी एक ड्रिबल मारून आत. मग मधल्या बाजूला डोकं आणि बॉल दोन्ही दाखवतो. पोरं इथे चुकतात. नुसता बॉल दाखवतात, डोळे रिंगवर नेत नाहीत. ह्याचे डोळे, मान, गुडघे सगळे खोटं बोलतात. बचाव करणारा उचलला गेला की हा बेसलाइनकडे फिरून किंचित मागे झुकत उडी मारतो आणि बॉल सोडतो. आणि तो उचलला गेला नाहीच, तर त्याच्या हाताखालून पाऊल टाकून लेअप. दोनच पर्याय. सगळ्या देशाला पाठ. तरी अडवता येत नाही.

त्याच काळात ॲलन कायदिकने १९९१ साली एका सामन्यात ७९ गुण केले, त्यात १७ तीन-गुणी. ते बघायला डोळे दिपतात, पण ते शिकवता येत नाही. पात्रिमोनियो शिकवता येतो. कोच म्हणून माझं माप हेच.

आणि एक. सलग ५९६ सामने. पेंटमध्ये, म्हणजे रिंगखालच्या चौकटीत, रोज मार खाणाऱ्या माणसाने एकही सामना न चुकवता हे करायचं म्हणजे काय, ते ज्याचा घोटा एकदा मुरगळलाय त्यालाच कळेल. पुढे एल. ए. तेनोरिओने तो विक्रम मोडला, पण तो गार्ड, रिंगपासून लांब खेळणारा. तुलना करू नका.

मडगाव, मग दुबई

सगळे ओवाळताहेत तर मी दुसरी बाजू लिहितो. मी जिनेब्रा संघाचा चाहता. दुबईत आमच्या खोलीत चार फिलिपिनो होते आणि चारही जिनेब्राचे, त्यामुळे मला निवड नव्हतीच.

पात्रिमोनियो मोठा खेळाडू, मान्य. पण त्याच्यासाठी कोणी वेडं व्हायचं नाही. वेड म्हणजे जिनेब्राचा हावोर्स्की. पन्नाशी उलटली तरी खेळाडू-कोच म्हणून शर्ट घालून बाकावर, गॅलरीने नाव घेतलं की उतरायचा. १९९८ साली सिनेटर झाला, सांगा आता! पात्रिमोनियो म्हणजे शाळेतला पहिला नंबर. आई-बापांचा लाडका. आमच्या खोलीत तर त्याचं नाव घेताना 'हॉटडॉग' म्हणायचे.

एक मात्र कबूल. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत फिलिपिन्सने पहिल्यांदा व्यावसायिक खेळाडू पाठवले आणि कोच होता हावोर्स्की. त्या संघात पात्रिमोनियो, कायदिक, लिम, बेंजी पारास, सगळे. फायनलला चीनकडून ९०-७६ ने हरले, रौप्य मिळालं. माझा एक खोलीवाला तेव्हा मनिलात होता. तो सांगायचा, तेवढे दिवस आमच्या गल्लीत हॉटडॉग म्हणायला बंदी होती. स्पर्धा संपली की पुन्हा सुरू.

लॉस बान्योस

यजमान तिथल्या भात संशोधन संस्थेत होते, म्हणून आम्ही. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण तिथे राहून न बघता सुटका नाही. प्रत्येक बारांगायला (वस्तीला) एक कोर्ट. त्याच कोर्टावर भात वाळत घालतात, तिथेच लग्नं, तिथेच लसीकरण, आणि संध्याकाळी पोरं पायात स्लिपर घालून खेळतात. स्लिपर तुटली की अनवाणी.

आम्ही होतो तेव्हा पात्रिमोनियोचा उतरता काळ. २००२ ची गव्हर्नर्स कप फायनल टीव्हीवर पाहिलेली आठवते, अलास्काविरुद्ध, सातव्या सामन्यापर्यंत गेलेली, प्युअरफूड्स ४-३ ने जिंकलं. तो पस्तिशी ओलांडलेला, पूर्वीइतकी मिनिटं मिळत नव्हती. आमच्याकडे कामाला येणारी आते (ताईला तिथे आतेच म्हणतात) इस्त्री करता करता बघत होती. तो कोर्टवर आला की इस्त्री उभी करून ठेवायची, बाकावर गेला की पुन्हा कपड्यांवर. ह्यांचा एक शर्ट त्या दिवशी राहूनच गेला.

दावाव, एमबीबीएस तिसरं वर्ष, मूळ लातूर

आमच्या वयाची फिलिपिनो मुलं त्याला टीम मॅनेजर म्हणूनच ओळखतात. त्यांचा हिरो जून मार फाहार्दो, सहा फूट दहा, २०१४ ते २०१९ सलग सहा एमव्हीपी. पात्रिमोनियो आणि रॅमॉन फर्नांडेझचा चारचा विक्रम त्यानेच मोडला. मी हे घरमालकांना सांगितलं, तर तितो (काकांना तिथे असं म्हणतात) म्हणाले, फाहार्दोला सहा फूट तीनचा कर आणि मग बोल. पुढे दोन दिवस माझ्याशी वाद घातला. भाडं मात्र वेळेवर मागितलं.

मडगाव, पुन्हा मीच

फर्नांडेझचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट वर कोणीच लिहिली नाही. १९८८ साली प्युअरफूड्सने लीगमध्ये टँडुआय संघाची जागा घेतली तेव्हा फर्नांडेझ त्याच संघात होता, खेळाडू आणि कोच दोन्ही. पात्रिमोनियो, कोडिनेरा, लास्तिमोसा, कपासियो ही पोरं त्याच वर्षी आली. वर्षातला उत्तम नवोदित ठरला लास्तिमोसा, पात्रिमोनियो नव्हे! आणि त्याच मोसमात फर्नांडेझला सॅन मिगेलला देऊन त्याच्या बदल्यात आबेत गिदाबेन घेतला. म्हणजे १८,९९६ गुणांचा माणूस घालवला आणि पोरांच्या हाती संघ दिला. जुगार होता, लागला.

कोचसाहेब, फर्नांडेझच्या एका हाताच्या त्या धावत्या शॉटवर धागा काढा. पायांचं बारीकसारीक तुम्ही लिहा, शिव्या मी देतो.