कशेळी, आडिवरे, देवाचे गोठणे : सड्यावरच्या सायकलवाटा (अनुभव धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

रत्नागिरीहून सागरी महामार्गानं पावस, पूर्णगड, गावखडी करत दक्षिणेला आलं की तीस-पस्तीस किलोमीटरवर राजापूर तालुक्यातलं कशेळी लागतं. वर जांभ्याचा सडा (उघडं कातळपठार), खाली समुद्र, मधे कलमांच्या बागा आणि पाखाड्या (पायऱ्यांच्या वाटा). डोंगरी सायकलसाठी यापेक्षा चांगली जमीन किनारपट्टीवर शोधावी लागेल. "मस्त राईड झाली" एवढंच लिहिणार असाल तर कृपया थांबा. या जमिनीवर काय मोडतं, का मोडतं आणि त्यावर काय करायचं, ते आकड्यांसकट लिहा.

कातळवाट

सडा सपाट असतो हा पहिला गैरसमज. लांबून टेबलासारखा दिसतो, चाकाखाली मात्र चाळण. जांभ्यातली मऊ माती पावसानं धुपून जाते आणि लोहाचं कवच मागे राहतं, म्हणून मुठीएवढ्या खळग्यांच्या कडा धारदार. ताशी 10-12 च्या वेगानं पुढचं चाक प्रत्येक खळग्यात पडतं. 18-20 ला, कोपर सैल ठेवून, ते वरून तरंगत जातं. पण हा वेग फक्त उघड्या कातळावर. गवत गुडघ्याला लागलं की वेग सोडा, वाट दिसेनाशी झाली की सायकल ढकला.

कारण चिरेखाण. बहुतेक ठिकाणी ना कठडा, ना पाटी. यंत्रानं सुरीसारखी कापलेली उभी भिंत आणि खाली दोन-तीन पुरुष खोल खड्डा. ट्रकची रुंद चाकोरी नेमकी तिथेच नेऊन सोडते आणि नवखा माणूस तिलाच वाट समजतो. मोबाईलवरचं उपग्रहचित्र जुनं असेल तर त्यात खाण नसतेच. खुणा दोन: कातळावर ताजी तांबडी भुकटी आणि तुटक्या चिऱ्यांचे ढीग. दोन्ही दिसले की चाकोरी सोडून मागे फिरा. अंधारात सडा ओलांडायचा विचारच नको.

खटपट्या

हवेबद्दल. 29 × 2.3 चा टायर आणि सत्तर किलोचा माणूस धरून लिहितो. ट्यूबलेस असेल तर पुढे 21-23, मागे 24-26 पीएसआय. ट्यूब असेल तर पुढे 29-30, मागे 32. सह्याद्रीतल्या मातीच्या वाटांवर याहून कमी चालते, इथे नाही: खळग्याची कडा थेट रिमपर्यंत पोचते आणि ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. एकच ठिगळ लावून पुन्हा हवा गेली असं रडणारे बहुधा दुसरं भोक विसरलेले असतात.

सीलंट (ट्यूबलेस टायरमध्ये ओतायचं, भोकं बुजवणारं द्रव) चाकामागे 100-120 मिली. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, इथल्या उन्हात दोन-अडीच महिन्यांत त्याची साय होते. व्हॉल्व्हचा गाभा काढून काडी घाला. ओली आली नाही तर भरा. करवंदीचा काटा सीलंट सहज बुजवतं. जांभ्यानं बाजूची भिंत चिरली तर मात्र ते नुसतं फसफसत बाहेर येतं. तेव्हा टायर उघडून चिरेच्या आतून टूथपेस्टच्या ट्यूबचा कापलेला तुकडा लावायचा, वर साधी ट्यूब, हवा 25 च्या आत, आणि गुमान डांबरी रस्ता गाठायचा. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटे काढा. सीलंटनं आजवर बुजवून ठेवलेले पाच-सहा तरी सापडतील.

ढवळ्या

सडा मोकळा दिसला तरी तो कुणाचा तरी आहे. गडग्यात (दगडी कुंपणात) बेडं लागलं (दोन खांबांच्या भोकांतून सरकवलेले बांबू), तर सायकल वरून टाकू नका. बांबू एकाच बाजूला ओढा, पार व्हा, पुन्हा होते त्याच भोकांत सारा. वरचा एक बांबू राहिला तरी गुरं आत शिरतात.

मार्च ते मे कलमांच्या बागेतून वाट असली तरी जायचं नाही. आंबा उतरवायचे दिवस, राखणीला माणसं नि कुत्री. कुत्रं मागे लागलं तर उतरा आणि सायकल मधे धरा. पॅडल मारत राहिलात तर ते थांबत नाही.

आणि गडग्याच्या खिंडारातून सायकल घालू नका. डुकरांसाठी क्लचवायरची फासकी तिथेच लावलेली असते. बेकायदा आहे, पण असते. पुढचं चाक अडकलं की माणूस हँडलवरून पलीकडे.

निसरडं

पाखाडी उतरण्यासाठी. जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे, रुंदी कुठे मीटरभर, कुठे त्याहून कमी. 780 मिमीचं हँडल बोटांची सालं काढतं; 720-740 पुरे. सॅडल खाली, पॅडल आडवी, ब्रेक पायरीच्या सपाट भागावर लावा आणि कडेवर सोडा. उलट केलं की कडेवर चाक घसरतं.

मे महिन्यात जी पाखाडी सहज उतरते तीच जुलैत साबणाची वडी होते. चिऱ्यावर काळं शेवाळ धरतं आणि ते सुकल्यासारखं दिसलं तरी सकाळी दवानं निसरडं असतं. बुटानं घासून बघा. बूट सरकला तर सायकल खांद्यावर घ्या.

कातळवाट

चढाचं राहिलं. घळीतून सड्यावर येणाऱ्या वाटा आखूड पण उभ्या, आणि वर सुट्या जांभ्याच्या गोट्या, जणू कुणी वाटाणे सांडलेत. पुढे 32 दात, मागे 51 असले तरी उभं राहून पॅडल मारलंत की मागचं चाक जागेवर फिरतं. बसून, छाती हँडलकडे, सॅडलच्या टोकावर.

खटपट्या

जांभ्याची भुकटी म्हणजे चेनला पॉलिश पेपर. ओलं तेल लावलंत तर दोन तासांत लाल लेप तयार. मेणाचं किंवा कोरडं लूब, रात्री लावून सकाळी पुसून. चेन मोजा: नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या 304.8 मिमी भरतात, 306.3 झाल्या की 0.5 टक्के झीज, अकरा-बारा गिअरवाल्यांनी तेव्हाच बदलायची. पुढे ढकललीत तर कॅसेटही (मागच्या दातेरी चक्रांचा संच) जाईल, आणि ती चेनपेक्षा महाग.

पावसाळ्यात रेझिनचे ब्रेक पॅड पटकन संपतात, धातूचे घाला. कर्कश वाजतात, वाजू देत. डिरेल्युअरचा (मागचे गिअर बदलणाऱ्या भागाचा) सुटा हँगर, आपल्या चेनच्या मापाची क्विक लिंक (जोडकडी) आणि पंप बरोबर हवाच. हे भाग गावात मिळत नाहीत.

पाऊणपट

गावखडीच्या वाळूवर चालवायचं असेल तर भरती-ओहोटी जुन्या हिशेबानं काढा: तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे 8 × ¾, सहा वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पाव-अर्धा तास इकडेतिकडे धरायचा. म्हणजे सकाळच्या फेरीला पौर्णिमा-अमावास्या ते तृतीया उत्तम. उधाणाचे दिवस, पाणीही लांब जातं. अष्टमीला सकाळी वाळू मिळत नाही आणि भांग (उधाणाच्या उलट, कमी चढउताराचे दिवस) असल्यानं दुपारची ओहोटीही तोकडी.

नुकतं पाणी ओसरलेला चकाकता पट्टा तोच कडक. हवा 15 पर्यंत उतरवा, परत भरायला विसरू नका. वरच्या कोरड्या वाळूत मात्र चाक नेऊ नका. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात आणि चाकाच्या चरात पिल्लं अडकतात.

नंतर सायकलवर बादलीनं गोडं पाणी, त्याच दिवशी. प्रेशर पंप नको. तो खारं पाणी हबच्या बेअरिंगमध्ये ढकलतो.

सीतेची आसवं

कशेळीच्या सड्यावरचा कोरलेला हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे, पण रेघा उथळ. दुपारच्या उन्हात दहा पावलांवरून दिसत नाही आणि गवत असलं तर अजिबातच नाही. 2022 पासून ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. सायकल लांब उभी करून चालत जा, चाकानं कडा तुटतात. सकाळी-संध्याकाळी तिरप्या उन्हात रेघा चांगल्या उठतात.

देवाचे गोठणेच्या कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. मोबाईलचा बाणही तिच्याच भावंडांतला: उभं राहून दिशा बघितलीत तर फसाल. पाच-पन्नास पावलं चाला, मग जीपीएस तुमच्या हालचालीवरून खरी दिशा दाखवतं.

ऑगस्ट-सप्टेंबरात खळग्यातल्या बोटभर पाण्यात सीतेची आसवं, गेंद फुलतात. तेव्हा फक्त रुळलेली पायवाट. एका चाकोरीतून पाणी निघून गेलं की तो खळगा त्या वर्षापुरता संपला.

तहानलाडू

ऑक्टोबरात आणि मार्चनंतर सकाळी साडेनऊला सड्यावरून खाली उतरलेलं बरं. सावली नाही आणि कातळ खालून भाजतो. ताशी पाऊण लिटर पाणी; लिटरला दोन चमचे कोकम आगळ, सहा चमचे साखर. आगळात मीठ असतंच, वेगळं घालू नका.

ढवळ्या

पाऊणपट, एक भर: वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. वद्य द्वितीया म्हणजे सतरा नव्हे.