पहिला सोपा ट्रॅक: ४एच की ४एल?

नवखा_चालक: गाडी पार्ट-टाइम फोर बाय फोर आहे (एरवी दोन चाकांवर, हवं तेव्हा चारही चाकांना ताकद), मॅन्युअल गिअर. ४एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) किंवा ४एल (चारही चाकं, संथ पण जास्त जोर) निवडायचा नॉब मात्र अजून फिरवलेला नाही. जेमतेम दोन किलोमीटरचा ट्रॅक आहे. माती, एक दगडांचा चढ, तेवढाच उतार, शेवटी उथळ ओढा. ४एल लागेल का? आणि टायरची हवा कमी करायची का?

गिअरबुवा: आधी ट्रॅक पायी चालून या. कुठला दगड कुठल्या चाकाखाली घ्यायचा ते तिथेच ठरतं. नवखी मंडळी दगड हमखास दोन चाकांच्या मधून काढायला बघतात आणि डिफरन्शियल (ॲक्सलवरची खाली लोंबणारी गिअरची पेटी) त्यावर आपटतं. चाकच दगडावर चढवा, पोट आपोआप वर उचललं जातं.

मातीला ४एच पुरे. चढ यायच्या आधी सपाटीवर थांबून, न्यूट्रल करून ४एल टाका. मध्यावर आठवून उपयोग नाही. उतारावर पहिला गिअर आणि क्लचवरचा पाय बाजूला. क्लच दाबलात की इंजिनाचा लगाम सुटला, गाडी मोकाट. चढावर बंद पडली तर वळवायच्या भानगडीत पडू नका. ब्रेक धरून रिव्हर्स टाका आणि सरळ मागे या. उतारावर आडवी झालेली गाडी उलटते.

अंगठे स्टिअरिंगच्या आत नकोत, चाक दगडाला अडलं की झटका जबर बसतो. आणि डांबर लागताच टू व्हील! वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, कोरड्या रस्त्यावर तो सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) येतो.

रेतीप्रेमी: हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, पकड वाढते.

गिअरबुवा: तुमची रेतीची सवय बोलतेय. रेतीत ठीक. इथे धारदार दगड आहेत, टायर फुगून बाहेर आला की साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, कापली जाते. थोडी कमी केली तर चालेल, पण परत भरायला पंप जवळ हवा.

नवखा_चालक: एकटाच जायचा विचार होता. ओढ्याचं काय?

गिअरबुवा: एकटे नको, दुसरी गाडी सोबत घ्या. ओढ्यात काठीने खोली बघा; चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर एका संथ चालीत पार करा, मध्ये गिअर बदलू नका. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा दाबून कोरडे करा. गाडी अडकली तर ओढायचा दोर मात्र तिच्या रिकव्हरी हुकलाच (ओढून काढण्यासाठीचा मजबूत हुक) लावायचा. टो बॉलला (ट्रेलर जोडायचा गोळा) लावलात आणि तो बॉल तुटला, तर तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. त्याने माणसं मेलीत.

नवखा_चालक: हुक पुढे आहे, मागे फक्त टो बॉल दिसतोय.

गिअरबुवा: मग मागचा हुक बसवल्यावरच जा.